बिनवायरची गिटार मध्येच गप्प का होत होती : माझा अनुभव

आमचा वाद्यवृंद बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यातल्या मंगल कार्यालयांत कार्यक्रम करतो आणि मी त्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवते. व्यासपीठावर नाचणाऱ्यांच्या पायांत वायर येऊ नये म्हणून मी गिटारच्या जॅकमध्ये खोचायचा छोटा ट्रान्समीटर आणि त्याच्या जोडीचा रिसीव्हर घेतला. हा संच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. घरच्या सरावात तो कधी अडखळला नाही. कार्यालयात मात्र पाहुणे भरू लागले की गिटारचा आवाज क्षणभर गडप व्हायचा आणि काही घडलेच नाही अशा थाटात परत यायचा. आमच्या साऊंडवाल्या काकांचा सल्ला ठरलेला होता : “ताई, वायर लावा की हो, कशाला ते नसतं झेंगट?” सल्ला खोटा नव्हता, पण वायर लावल्याने कारण काही कळणार नव्हते.

सुरुवात मी आवाज नीट ऐकण्यापासून केली, कारण आवाज जाणे म्हणजे एकच दुखणे नसते. जॅक सैल असेल तर आवाज जाताना खरखरतो, कडकडतो आणि पिन हलवली की परत येतो. डिजिटल रेडिओसंचाचा संदेश तुटला तर खरखर होत नाही. तो सरळ गप्प बसतो. तिसरा प्रकार म्हणजे घूंऽऽ असा सलग गुणगुणाट. मी वडगावात राहते, गल्लीत घरोघरी यंत्रमाग चालतात आणि माझ्या गिटारला सिंगल कॉइल पिकअप आहेत, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या एकेरी गुंडाळ्या, ज्या आसपासच्या विजेची गुणगुणही पकडतात, त्यामुळे घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण मला पाठ आहे. घरच्यांनी पहिला संशय त्या मागांच्या मोटारींवरच घेतला होता. पण ती गुणगुण पिकअपमधून शिरते, वायर लावली तरी ऐकू येते आणि तिच्यामुळे आवाज कधी तुटत नाही.

तरीही जॅक तपासल्याशिवाय पुढे जाणे योग्य नव्हते. माझी गिटार स्ट्रॅटोकास्टर घाटाची आहे. तिचा जॅक होडीसारख्या खोलगट पत्र्यात तिरपा बसवलेला असतो. खोचलेल्या ट्रान्समीटरचे वजन सतत त्या जॅकवर लोंबते आणि हळूहळू त्याची चक्री (नट) सैल होते. पत्र्याचे दोन स्क्रू काढून पाहिले, तर चक्री बोटाने फिरत होती आणि पिनेच्या टोकाला टेकणारी पितळी पट्टी थोडी बाहेर वाकली होती. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात फिटर असलेल्या माझ्या दाजींनी जॅकचे अंग पान्याने धरून चक्री आवळली, कारण नुसती चक्री फिरवली तर आतला जॅकही फिरतो आणि सोल्डर केलेली तार तुटते. पट्टी त्यांनी किंचित आत दाबली. अधूनमधून येणारी खरखर थांबली. गप्प होणे तसेच राहिले. बॅटरी पूर्ण भरून पाहिली, तिचाही संबंध निघाला नाही.

मग प्रश्न उरला रेडिओलहरींचा. हा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच आहे आणि तो परवान्याशिवाय वापरता येत असल्याने वाय-फाय, ब्लूटूथ, प्रकाशयोजनेचे काही बिनतारी नियंत्रक असे सगळेच त्यात दाटीवाटीने राहतात. मोबाइलवर व्हिडिओ पाहताना वाय-फायचा एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवता येतो, कारण पुढचा भाग आधीच साठवलेला असतो. गिटारला ही चैन परवडत नाही. तार छेडल्यापासून आवाज कानी पडेपर्यंत काही मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला तर वादकाला वाजवणे अवघड होते, त्यामुळे हरवलेल्या तुकड्याची वाट पाहत बसायला संचाला सवड नसते आणि तो त्या जागी शांतता भरतो. आमच्या गायकांचे माइक त्याच व्यासपीठावर निर्धास्त चालतात, याचे कारणही इथेच सापडले. ते यूएचएफ, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झपेक्षा बऱ्याच कमी वारंवारतेच्या पट्ट्यातले आहेत. त्या पट्ट्यात वाय-फाय नाही आणि लांब लहरी माणसांच्या आडूनही बऱ्यापैकी वाट काढतात.

मोबाइलमध्ये वाय-फाय विश्लेषक अ‍ॅप घेऊन मी खानापूर रस्त्यावरच्या एका कार्यालयात कार्यक्रमाआधी गेले. अशा अ‍ॅपमध्ये प्रत्येक वाय-फाय एका कमानीसारखे दिसते. पडद्यावर कमानींची गर्दी उसळली होती, पण ती मुख्यतः १, ६ आणि ११ या चॅनलांवर होती. यांचे मध्यबिंदू २४१२, २४३७ आणि २४६२ मेगाहर्ट्झ; प्रत्येकाची रुंदी साधारण २० मेगाहर्ट्झ. म्हणजे ११ ची कमान २४७२ च्या आसपास संपते आणि तिथून पट्ट्याच्या टोकापर्यंत थोडी मोकळी जागा उरते. गिटारसंचाचे चॅनल क्रमांक आणि वाय-फायचे क्रमांक यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, म्हणून माहितीपुस्तिकेतली वारंवारता पाहून मी माझा संच त्या वरच्या टोकाच्या मोकळ्या जागेत नेला. फरक पडला, पण पुरता नाही. ते अ‍ॅप फक्त वाय-फाय दाखवते. ब्लूटूथ किंवा दिव्यांचा नियंत्रक त्यात दिसत नाही. पडदा रिकामा म्हणजे हवा रिकामी, असे धरून चालू नये.

रिकाम्या कार्यालयात मी गिटारची मोकळी ‘ए’ तार छेडत व्यासपीठभर, मग खाली दारापर्यंत फिरले. एकदाही आवाज तुटला नाही. त्याच संध्याकाळी पाहुणे जमल्यावर तो व्यासपीठावरच तुटला. तेव्हा मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा सापडला : आमचा रिसीव्हर साऊंडवाल्यांच्या मिक्सरजवळ, म्हणजे सभागृहाच्या पार मागच्या टोकाला, टेबलावर ठेवलेला असे. माणसाच्या शरीरात बहुतांश पाणीच असते आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ते चांगल्या शोषते. वरातीतली मंडळी समोर उभी राहिली की ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्यामध्ये माणसांची भिंतच उभी राहायची. शिवाय त्यातल्या प्रत्येकाच्या खिशात वाय-फाय आणि ब्लूटूथ चालू असलेला मोबाइल. रिकाम्या सभागृहातली चाचणी त्यामुळे फारशी कामाची नसते. मी नंतर सरावाच्या वेळी वाद्यवृंदातल्या सगळ्यांनाच मध्ये दाटीने उभे करून पाहिले आणि रिसीव्हरचा हिरवा दिवा लाल होताना स्वतः पाहिला.

उपाय साधा होता. रिसीव्हर व्यासपीठावर आणला, एका माइक स्टँडला छातीच्या उंचीवर बांधला आणि तिथून डीआय बॉक्समार्गे (वाद्याचा संदेश लांब वायरीतून गोंगाटाशिवाय नेता यावा म्हणून लावायची छोटी पेटी) मिक्सरपर्यंत वायर टाकली. अंतर निम्मे झाले की मोकळ्या जागेत पोहोचणारी शक्ती चौपट होते. इथे तर अंतर काही पावलांवर आले. जमिनीवरच्या पेडलबोर्डवर, म्हणजे पायाने दाबायची इफेक्टची पेडले मांडलेल्या फळीवर, मी तो मुद्दाम ठेवला नाही, कारण तिथे धातूची पाटी, शेजारी अ‍ॅडाप्टर आणि समोर सगळ्यांचे पाय. या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असल्याने पत्र्याच्या छतावरून आणि लोखंडी कमानीवरून परतलेल्या लहरी कुठे कुठे एकमेकींना मारतात, आणि अशा जागेतून रिसीव्हर चार बोटे सरकवला तरी संदेश सुधारतो. स्टँड जरा इकडे, जरा तिकडे करून मी हे दरवेळी पाहते.

आमच्या कीबोर्डवाल्याच्या लॅपटॉपला जोडलेली यूएसबी ३.० ची हार्ड डिस्कही रिसीव्हरच्या अगदी शेजारी होती. अशा जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, म्हणून ती दूर सरकवली. वाद्यवृंदातल्या सगळ्यांचे हॉटस्पॉट बंद ठेवण्याचा नियमही केला. कार्यालयाचा राउटर व्यासपीठाच्या वरच लावलेला असेल तर व्यवस्थापकांना विनंती करते; काही ऐकतात, काही नाही.

५.८ गिगाहर्ट्झचा संच घ्यावा, असे काहींनी सुचवले. तिथे गर्दी कमी असते हे खरे, पण त्या लहरी माणसांमागून आणखीच कमी येतात आणि वाय-फायचे १४९ ते १६५ हे चॅनल त्याच परिसरात आहेत. रिसीव्हर हाताशी असताना मला तो खर्च करावासा वाटला नाही.

आता कार्यालयातले कार्यक्रम निर्विघ्न होतात. फक्त मी रिसीव्हरकडे पाठ करून गिटार अंगाशी धरली तर अजूनही एखादा सूर तुटतो, तेव्हा मी तशी वळत नाही. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत मात्र मी ट्रॉलीवर वायरच लावते. तिथे प्रत्येक गल्लीगणिक भोवतीचे राउटर बदलतात, तपासायला उसंत नसते आणि ट्रॉलीवर फिरायला जागाही नसते.