तुम्ही विचारलंत म्हणून : कौलांवर चढताना भीती नाही वाटत?

दापोलीजवळच्या आमच्या घराची कौलं दर मे महिन्यात मी स्वतः परततो, म्हणजे फुटकी बदलून पुन्हा नीट बसवतो. हे कळलं की मुंबई-पुण्याची माणसं हमखास विचारतात, "भीती नाही वाटत? काय काळजी घेता?" आता तर गावात या कामाला, म्हणजे शाकारणीला, माणूसच मिळत नाही, म्हणून शेजारची तरुण मुलंही हेच विचारायला येतात. त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

भीती वाटते, आणि वाटतेय तोवरच मी चढणार आहे. माझे काका पडले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तीस पावसाळे त्यांनी घर शाकारलं होतं. त्या दिवशीही मोठं छप्पर व्यवस्थित उरकलं आणि उतरताना त्यांनी पडवीच्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवला. पत्रा कडकन फुटला, काका थेट खालच्या लादीवर. उंची जेमतेम नऊ फूट, पण खुबा मोडला आणि पुढे काठी सुटली नाही. सिमेंटचा पत्रा वरून दगडासारखा दिसतो, पण उन्हापावसाने जुना झाला की माणसाचं वजन पेलत नाही आणि फुटण्याआधी वाकून सावधही करत नाही. त्यावर पाय ठेवायचाच नाही. अगदीच जावं लागलं तर दोन आधारांवर टेकेल अशी लांब, जाड फळी टाकून.

मंगलोरी कौलाचं गणित वेगळं आहे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि पुढे ही कौलं आमच्या किनाऱ्यावर घरोघरी पोचली. एक कौल साधारण अडीच किलोचं. खाली फूटभर अंतरावर आडव्या रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, असतात. वरच्या कौलाची खालची कड जिथे खालच्या कौलावर चढते, तिथेच खाली रीप असते. पाय पडायला हवा तो त्या सांध्यावर. कौलाच्या मधल्या पोटावर टाच दिलीत तर खाली नुसती हवा आहे. वाकून, तळवा आडवा ठेवत, एक पाय टेकला की मगच दुसरा उचलायचा. आणि शक्य असेल तर छपरावर शिडी आडवी निजवून, तिचं वरचं टोक आढ्यापाशी, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या तुळईपाशी, पक्कं बांधून तिच्यावरूनच चालायचं. भार एका कौलावर येत नाही.

पण खरं काम चढायच्या आदल्या दिवशी, आतून होतं. मी माळ्यावर जातो, बॅटरी मारतो आणि प्रत्येक वाशात (छपराच्या उतरत्या लाकडात) नि रिपेत पेचकस टोचून बघतो. गेल्या वर्षी न्हाणीवरच्या एका वाशात पेचकस मुठीपर्यंत शिरला. वरून रंग शाबूत, आत सगळी वाळवी. त्या बाजूला मी चढलोच नाही, सुतार बोलावला. फुटकी कौलं कुठे आहेत तेही आतूनच कळतं, कारण उजेडाची तिरीप येते. त्यातली खालच्या अंगाची बरीच कौलं आतून उचलून बदलता येतात, वर जायची गरजच पडत नाही.

वर गेलोच तर दोर हवा. आढ्याजवळचं एक कौल काढून मी दोर थेट आढ्याच्या लाकडाला बांधतो, आणि अंगात खांदे-मांड्यांचा पूर्ण पट्टा घालतो. कमरेला नुसता दोर गुंडाळू नका. पडल्यावर तो बरगड्यांत आणि पोटात रुततो. दोराची लांबी इतकीच ठेवायची की वळचणीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, अलीकडेच तो ताणला जाईल. धाकटा भाऊ खाली उभा असतो, पण छपराच्या सरळ रेषेत नाही, बाजूला. शिडीचा पाय दर चार फूट उंचीला भिंतीपासून एक फूट बाहेर, आणि वरचं टोक छपराच्या कडेच्या वर तीन फूट तरी. विजेची तार आमच्या छपराच्या कोपऱ्यावरून येते, म्हणून तिथे काम असलं की आधी वायरमनला सांगून पुरवठा बंद करून घेतो. ओला बांबू किंवा लोखंडी शिडी तारेजवळ नेऊ नये.

वेळ सकाळी सात ते दहा. नंतर कौलं चटके देतात आणि डोकं गरगरतं. वाळलेलं शेवाळही फसवं असतं, पायाखाली भुकटी होऊन सरकतं. ते मी आधी खराट्याने झाडून घेतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्याकडे घरंच्या घरं उघडी केली. पाऊस तोंडावर होता, आणि मी स्वतः दुसऱ्या दिवशी ओल्या छपरावर चढलो. अंगात दोर नव्हता. पाय सटकला तो कोपऱ्यातल्या वाशाला अडकला म्हणून वाचलो. तेव्हापासून ओल्या कौलांवर जायचं नाही, हे घरात ठरलेलं आहे. भर पावसात रात्री ठिबकायला लागलं तर माळ्यावरून, कौल जरा उचलून, त्याखाली पत्र्याचा तुकडा सरकवतो. तो नाही बसला तर बादली लावतो आणि उघडीप होईपर्यंत ती ओतत राहतो.