तुम्ही विचारलंत म्हणून: पाइपच्या एअरगनमध्ये किती हवा भरायची?

हा प्रश्न बहुतेक वेळा डिप्लोमाच्या मुलांकडून येतो. “सर, घरीच पीव्हीसी पाइपची एअरगन करतोय. सहा किलोचा (चौरस सेंटिमीटरला सहा किलो दाबाचा) पाइप आहे, म्हणजे पाच किलोपर्यंत हवा भरली तर चालेल ना?”

नाही, चालणार नाही. पाइपवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, म्हणून पाइप तडकला की दाब तिथल्या तिथे उतरतो. हवा मात्र दाबली जाताना ऊर्जा साठवत जाते. दोन लिटरच्या टाकीत बाहेरच्यापेक्षा ३ बार (एक बार म्हणजे साधारण एक किलो) जास्त दाबाने हवा भरली आणि टाकी फुटली, तर सुमारे ३०० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक किलोचा दगड दहाव्या मजल्यावरून खाली येतो तेव्हा त्याच्यात साधारण एवढीच ऊर्जा असते. तेवढ्याच दाबाच्या तेवढ्याच पाण्यात ०.०५ ज्यूलसुद्धा साठत नाही. शिवाय पीव्हीसी ठिसूळ असतो, उन्हात पडून राहिला तर आणखीच. तो फाटत नाही, त्याचे धारदार तुकडे उडतात. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने दाबाच्या हवेसाठी जमिनीत न गाडलेला पीव्हीसी पाइप वापरू नका, असा इशारा १९८८ मध्येच दिला होता.

टाकी हाच या यंत्राचा जीव आहे. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनीची हवेची रायफल घेतली. तिचा दस्ता म्हणजेच लोखंडी टाकी, आणि ती भरायला पंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत. अशा टाक्या बनवणं आणि हवाबंद ठेवणं फार कठीण होतं. आजही १० मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नेमबाजीत हवेचा सिलिंडर १० वर्षांपेक्षा जुना चालत नाही.

कायद्याचंही सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागतो. घरी पाइप जोडून केलेली कुठलीही ‘गन’ नळीच्या मापावरच अडकते. म्हणून मी मुलांना गोळीचा नादच सोडून द्यायला लावतो. कागदाचं रॉकेट करा. हवेचं शास्त्र सगळं तेच आहे, आणि माझ्या मते रॉकेटमध्ये ते जास्त मोकळेपणाने दिसतं.

कारण जोर म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. ४.५ मिलिमीटरच्या छर्‍यावर १ बार दाबाने जेमतेम १.६ न्यूटन जोर येतो. २२ मिलिमीटर व्यासाच्या कागदी रॉकेटवर तोच दाब ३८ न्यूटन देतो. नळी रुंद केली की दाब वाढवायची गरजच उरत नाही. १० ग्रॅमचं रॉकेट ३० सेंटिमीटर लांब अॅल्युमिनियमच्या नळीवर बसवलं, तर हिशेबाने जास्तीत जास्त ११ ज्यूल मिळतात आणि वेग सेकंदाला ४५ मीटरच्या पुढे जातो. प्रत्यक्षात थोडा कमी पडतो, तरी रॉकेट बघताना मान मागे टाकावी लागते.

टाकी म्हणून शीतपेयाची नवी, ओरखडा नसलेली प्लास्टिकची (पेट) बाटली घ्या; ती वायूचा दाब धरायलाच घडवलेली असते. मोठी बाटली घेतली की रॉकेट खूप उंच जाईल, असं सगळ्यांना वाटतं. त्या नळीत मावते फक्त ११४ मिलिलिटर हवा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत रॉकेट सुटेपर्यंत दाब निम्म्यावर येतो, एका लिटरच्या बाटलीत सुमारे २८ टक्क्यांनी उतरतो, दोन लिटरच्या बाटलीत १५ टक्क्यांनी. म्हणजे एका लिटरनंतर पदरात फारसं काही पडत नाही, साठलेला धोका मात्र दुप्पट होतो. हे गणित पोरांनी वहीत करून पाहिलं की मला फार आनंद होतो.

आता व्हॉल्व. रॉकेट नळीवरून साधारण १५ मिलिसेकंदांत निसटतं. तेवढ्यात हाताने फिरवायचा बॉल व्हॉल्व पूर्ण उघडणं कुणालाच शक्य नाही. तो अर्धवट उघडतो आणि हवा तिथेच अडकते. आपल्याकडे ठिबकच्या दुकानात २४ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व, म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व मिळतो. त्याचा पडदा हातापेक्षा कितीतरी लवकर उठतो. शिवाय लांब वायर जोडून बटण दाबता येतं, म्हणजे दाबलेल्या बाटलीजवळ कुणी उभं राहत नाही. बाटलीवर लाकडी खोकं उपडं घाला, डोळ्यांना चष्मा लावा, रॉकेटच्या टोकाला स्पंज बसवा. नळी कायम आकाशाकडे, मोकळ्या मैदानात. सायकल पंपावर दाबाचा काटा हवाच, आणि १ बार झाला की थांबायचं.

मला आराखडा दाखवायला आणाल तेव्हा नळीचा व्यास, तिची लांबी, बाटलीचं माप आणि रॉकेटचं वजन लिहून आणा. चित्र नसलं तरी चालेल.