पुण्याचा जुना बाजार: साताऱ्याहून एक रविवार

पुण्याच्या मंगळवार पेठेत दर रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या माझ्या काकांना त्यांच्या जुन्या बुलेटसाठी व्हिटवर्थ मापाचा, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची पद्धतीचा पान्हा हवा होता आणि साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत चौकशी करूनही तो मिळाला नव्हता, म्हणून आम्ही रविवारी पहाटेच्या बसने साताऱ्याहून निघालो. स्वारगेटला उतरल्यावर मेट्रो धरावी; जिल्हा न्यायालय स्थानकात मार्गिका बदलली की पुढचेच स्थानक मंगळवार पेठ असून तेथून बाजार पायी गाठता येतो.

पहिला तासभर काहीही विकत न घेता केवळ विक्रेत्यांकडे पाहावे, असे माझे मत आहे. ताडपत्री अंथरून बसलेला एक हत्यारवाला प्रत्येक पान्हा रॉकेलच्या फडक्याने पुसत होता, परंतु गंज मात्र पुरता काढत नव्हता. चकचकीत केलेला माल गिऱ्हाइकाला नकली वाटतो, असे त्याने विचारल्यावर सांगितले. व्हिटवर्थ पान्ह्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तोंडाचा नव्हे, त्यामुळे पाव इंच कोरलेल्या पान्ह्याचे तोंड अर्ध्या इंचाहून किंचित मोठे भरते. हे ज्या विक्रेत्याला ठाऊक असते, तो भाव सोडत नाही. काकांनी खिशातून नमुन्याचा बोल्ट काढताच त्याने विचारले, "काका, बुलेट कोणत्या सालची?" आणि आमची घासाघीस तेथेच संपली. नमुना खिशातच ठेवावा आणि माप कागदावर लिहून न्यावे, हे आम्ही २०० रुपये देऊन शिकलो.

पलीकडे जुन्या कपड्यांचे ढीग होते. बोहारणी दारोदार भांड्यांच्या बदल्यात गोळा करतात, त्यांतले कितीतरी कपडे अखेर अशाच बाजारांत येऊन पडतात.

नाण्यांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. देवादिकांची चित्रे, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ साल असलेली "नाणी" सर्रास दिसतात. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. याच साली इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले, त्यामुळे आम्हा सातारकरांना त्या आकड्याचा मोह अंमळ अधिकच पडतो. सोबत लहान लोहचुंबक ठेवावे. तांब्याचे म्हणून सांगितलेले नाणे त्याला चिकटले तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. न चिकटल्याने मात्र ते अस्सल ठरत नाही. पावतीशिवाय मोबाईल घेऊच नये.

भवानी व्हायच्या आत फार पाडून मागू नये, सुटे पैसे न्यावेत आणि विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये. निघताना हत्यारवाल्याने पाच-सोळांश इंचाचा पान्हा घरी असल्याचे सांगून बुधवारी आणण्यासाठी ५० रुपये आगाऊ मागितले. आम्ही ते दिले नाहीत, तरीही काकांनी बुधवारच्या पहिल्या बसची वेळ विचारून घेतली आहे.