कोटेशन कुणाच्या कागदावर?

लेकीला ऐकू येण्यासाठी कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट, एडिप या दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारी योजनेतून झालं, तेव्हा ती तीन वर्षांची होती. आत बसवलेला भाग ठणठणीत आहे. कानामागचा प्रोसेसर, म्हणजे आवाज टिपून आतल्या भागाकडे पाठवणारं यंत्र, मात्र गेल्या जानेवारीत बंद पडला. वॉरंटी संपलेली, नव्याची किंमत लाखांत.

ट्रस्टकडे मदत मागायचं ठरलं. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, युडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड, सगळं आठवड्यात गोळा झालं. अडलं ते कोटेशनवर. मुंबईतल्या एका ट्रस्टच्या खिडकीवर कंपनीचं कोटेशन दिलं, तर "हॉस्पिटलच्या लेटरहेडवर आणा." हॉस्पिटल म्हणालं, "मशीन आम्ही विकत नाही, किंमत कशी लिहून देणार?" साताऱ्याहून रात्रीची एसटी धरायची, दिवसभर रांगेत उभं राहायचं आणि तोच कागद घेऊन परत यायचं. अशा तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी डॉक्टरांचं पत्र मिळालं, तर कोटेशनची तीस दिवसांची मुदत उलटलेली. नवं येईपर्यंत 31 मार्च गेला आणि उत्पन्नाचा दाखलाही बाद झाला. पुन्हा सेतू, पुन्हा तलाठी. पहिल्याच दिवशी सगळं एका चिठ्ठीवर लिहून द्यायला काय हरकत होती? हा राग अजून गेलेला नाही.

इकडे लेक रोज सकाळी ड्राय बॉक्स, म्हणजे यंत्र कोरडं ठेवायची डबी, उघडायची, बंद प्रोसेसरची कॉइल (चुंबकाची चकती) डोक्याला चिकटवायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. मग काढून परत डबीत ठेवायची. ऐकू येत नसल्याने तिच्या बोलण्यात 'पाणी'चं 'पाई' व्हायला लागलं होतं.

सुटका केली सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षक ताईंनी. त्यांनी एकच पत्र केलं: मुलीचं नाव, यंत्राचं मॉडेल, ते का हवं, हॉस्पिटल ते विकत नाही, चेक कुणाच्या नावे काढायचा. खाली सही-शिक्का, सोबत कंपनीचं ताजं कोटेशन. खिडकीवर पाच मिनिटांत अर्ज घेतला. तुम्ही आधी त्यांनाच भेटा, मग मुंबई गाठा. सगळी रक्कम एका ट्रस्टकडे मागू नका, असंही त्याच म्हणाल्या. आम्ही चार ठिकाणी अर्ज केले, आणखी कुठे केलेत ते प्रत्येकात लिहिलं. तिघांनी थोडी थोडी मदत केली, उरलेले आम्ही भरले.

जूनमध्ये नव्या प्रोसेसरचं मॅपिंग, म्हणजे तिच्यापुरती आवाजाची जुळणी, झालं. मी पाठीमागून हाक मारली आणि ती वळली.

आणि हो, चेक थेट विक्रेत्याच्या नावाने निघाले. आधी यंत्र घेऊन मागाहून बिल दाखवलं असतं तर एकाही ठिकाणी पैसे मिळाले नसते. मी तर यंत्र आधी घ्यायचं म्हणून बांगड्या सोनाराकडे वजनाला घातल्या होत्या.