भोकरदनची बाई, मुक्काम पोस्ट पॉम्पेई

माझं आजोळ भोकरदन तालुक्यातलं, जालना जिल्हा. लहानपणी भोकरदन म्हणजे माझ्यासाठी एसटी स्टँड, स्टँडवरची भजी आणि तिथून पुढे मामाच्या गावाला जाणारी, माणसं कोंबलेली काळीपिवळी, एवढंच. १९७३ ला तिथे नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठाने मिळून उत्खनन केलं होतं, मामा तेव्हा शाळेत होता, त्याला विचारलं तर म्हणतो "हो, खड्डे खणले होते, आम्हाला वाटलं हंडा निघेल, निघाली खापरं". त्या खापरांबरोबर हस्तिदंताची एक तुटकी छोटी मूर्ती पण निघाली होती हे मामाला काय मलाही तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. आणि तिच्या सख्ख्या बहिणीसारखी दिसणारी एक अख्खी मूर्ती इटलीत, पॉम्पेई या ज्वालामुखीने गाडलेल्या रोमन गावात, राखेखाली सापडलीय हे वाचल्यावर मी दोनदा तपासलं की भोकरदन हे आपलंच भोकरदन आहे ना.

आपलंच आहे. जुनं नाव भोगवर्धन, सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या यादीत या गावची माणसं आहेत.

तर सध्या नोकरीमुळे मी जर्मनीत असतो, तिथून नेपल्सचं विमान स्वस्तात मिळालं म्हणून निघालो. मूर्ती पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये आहे. आणि ते म्युझियम मंगळवारी बंद असतं हे न बघता मी बरोब्बर मंगळवारी पोचलो, त्यामुळे आधी पॉम्पेई आणि दुसऱ्या दिवशी म्युझियम असा उलटा कार्यक्रम झाला. झालं ते बरंच झालं म्हणा.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोक्यात लाल लाव्हा वाहायला लागतो, आणि आपल्याकडे ते खरंही आहे, सह्याद्री काय, वेरूळ-अजिंठा ज्यात कोरलं तो कातळ काय, सगळे लाव्ह्याचेच थर, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपासचे. पॉम्पेईवर मात्र लाव्हा आलाच नाही. तिथे पडले दगड. टाचा घासायला तो हलका, भोकाभोकांचा दगड मिळतो ना, प्युमिस, तोच. शेजारच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीने तो तीसेक किलोमीटर वर उडवला, वारा नेमका पॉम्पेईच्या दिशेने होता, आणि मग साधारण १८ तास त्याचा पाऊस. मला वाटेत मातीत एक खडा दिसला, करड्या रंगाचा, बोराएवढा, हातात घेतला तर वजनच लागेना. (तिथेच ठेवला, उचलून आणायचा नसतो.) असा एक खडा डोक्यावर पडला तर माणूस हसेल. पण त्याचा जवळजवळ तीन मीटर थर साचला, छपरं वजनाने बसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोट डोंगरावरून खाली आला तेव्हा जे घरात दार लावून बसले होते ते तिथेच संपले. गावची वस्ती दहा-बारा हजार असावी असा अंदाज आहे आणि अवशेष आतापर्यंत अकराशेच्या वर माणसांचे सापडलेत, म्हणजे पहिल्या दिवशी जे सामान सोडून निघाले त्यातले बरेच वाचले असणार.

हे सगळं इसवी सन ७९ मधलं. तारखेवरून अजून भांडण चालू आहे. शाळेच्या पुस्तकातली २४ ऑगस्ट, पण २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली तारीख सापडली, ती १७ ऑक्टोबर निघते, आणि कोळशाचं लिखाण काही वर्षानुवर्षं टिकत नाही, म्हणून आता बरेचजण ऑक्टोबर म्हणतात. डाळिंबं वगैरे शरद ऋतूतली फळं पण तिथे सापडलीच होती. मला ऑक्टोबर पटतं.

ते प्लास्टरचे देह, जे सगळे फोटोत बघतो, त्यांच्यासमोर मला फार वेळ थांबवलं नाही. राखेत देह कुजून जी पोकळी राहिली तिच्यात जोसेप्पे फिओरेल्लीने १८६३ पासून प्लास्टर ओतायला सुरुवात केली, कल्पना जबरदस्तच, पण शेजारी सेल्फी चालू होते आणि आतली माणसं खरी आहेत. शिवाय त्यांच्याभोवती आपण गोष्टी रचतो. कडं घातलेली आई आणि मांडीवर पोर असा एक प्रसिद्ध साचा होता, २०२४ ला डीएनए तपासला तर ती आई निघाली पुरुष, आणि पोराशी त्याचं रक्ताचं नातंच नाही. पन्नास वर्षं... असो.

मला रस्ते आवडले. गाडीच्या चाकांनी दगडात पडलेल्या खाचा, बोट घातलं तर दोन पेरं आत जातं, आणि रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड ठेवलेले, म्हणजे खालून सांडपाणी वाहतंय आणि तुम्ही पाय न भिजवता पलीकडे. पावसाळ्यात आपणही गल्लीत विटा टाकतोच की. भिंतीवर लिहायची यांनाही भारी हौस, निवडणुकीचे प्रचार, शिव्या, प्रेमपत्रं, आणि एकाने तर लिहून ठेवलंय की हे भिंती, एवढ्या लोकांचं रटाळ लिखाण अंगावर घेऊन तू अजून कोसळली कशी नाहीस. एका बेकरीच्या भट्टीत ८१ पाव कोळसा होऊन तसेच राहिलेले, गोल, वर चिरा मारून आठ तुकडे पाडलेले, म्हणजे बेकरीवाल्याने लावले आणि काढायला परत आलाच नाही.

आता बाईकडे येतो. गावातून व्हिया देल'अब्बोन्दान्त्सा नावाचा मोठा रस्ता जातो, त्याच्या परिसरातल्या एका घरात १९३८ साली अमेदेओ माइउरी या पुरातत्त्वज्ञाला ती सापडली. त्या घराला 'भारतीय मूर्तीचं घर' असंच नाव पडलंय. हा माइउरी म्हणजे तिथला मोठा माणूस, १९२४ ते १९६१ पॉम्पेईचं काम त्याच्याकडे होतं.

बुधवारी म्युझियम. आणि गंमत बघा, ती ठेवलीय 'गुप्त दालना'त. पॉम्पेईत सापडलेली जेवढी म्हणून चावट चित्रं आणि वस्तू होत्या त्या या एका खोलीत कोंडल्या होत्या, बायकामुलांना प्रवेश नाही, राजाच्या परवानगीशिवाय कुलूप उघडत नसे, सगळ्यांसाठी कायमची उघडली ती २००० साली. एका भिंतीसमोर कॉलेजची पोरं खिदळतायत आणि त्यांच्या पाठीमागे काचेत आपली बाई.

वीतभर उंच. २४-२५ सेंटीमीटर. पायात पाय अडकवून उभी, हात वर वाकवून दागिन्यांशी चाळा केल्यासारखे, कमरेला रुंद मेखला, आणि अंगावर कपडे असे नाहीत पण दागिने म्हणाल तर हातात कोपरापर्यंत बांगड्या आणि पायात घोट्यापासून पोटरीपर्यंत वाळेच वाळे. दोन्ही बाजूला तिच्या मांडीएवढ्या दोन पोरी, शृंगाराचं सामान घेऊन उभ्या. हस्तिदंत पिवळसर तपकिरी झालाय. डोक्यातून खाली आरपार भोक आहे, म्हणजे ही नुसती मूर्ती नसून कशाचा तरी भाग होती, आधी लोकांना वाटलं आरशाची मूठ, आता जास्त करून छोट्या टेबलाचा पाय म्हणतात.

सगळे तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात. मला हे नाव पटत नाही. हातात कमळ नाही, आजूबाजूला हत्ती नाहीत, पेटी-डबे घेतलेल्या दासी आहेत. यक्षी म्हणा, शृंगार करणारी बाई म्हणा. पण लक्ष्मी म्हटलं की बातमी होते.

माइउरीला ती मथुरेकडची वाटली होती. मग अफगाणिस्तानात बेग्रामला सापडलेल्या हस्तिदंताच्या घबाडाशी तुलना झाली. आणि मग भोकरदनची. तशाच दासी, तशीच घडण. तेरला पण हस्तिदंताची एक बाई मिळालीय, गोरोबाकाकांचं तेर, तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, त्यांच्या नावाने सरकारी म्युझियम आहे, बघितलं नसेल तर जा. त्यामुळे आता दख्खनचा दावा बराच मजबूत आहे. अडचण एकच, मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलंय आणि खरोष्ठी ही गांधाराकडची, म्हणजे पार वायव्येकडची लिपी. पण नहपान क्षत्रपाची नाणी बघा, जो आपल्या नाशिकपर्यंत राज्य करत होता, त्यावर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी तिन्ही आहेत. त्यामुळे माल जिथून जहाजात चढला त्या गुजरातेतल्या भडोच बंदरात कुणीतरी ते अक्षर टाकलं असेल असं माझं आपलं मत. पुरावा मागू नका.

भडोचचा रस्ता मात्र पक्का. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं समुद्रप्रवासाचं माहितीपत्रक आहे, पेरिप्लस, त्यात सरळ लिहिलंय की भडोचहून पैठण २० दिवस, पैठणहून तेर आणखी १० दिवस, आणि तिथून गाड्या भरभरून माल येतो. भडोचला जहाज, मोसमी वाऱ्यावर तांबडा समुद्र, मग वाळवंटात उंट, नाईल नदीतून अलेक्झांड्रिया, आणि तिथून पुतिओली बंदर. हे पुतिओली नेपल्सच्याच आखातात आहे, पॉम्पेई हाकेच्या अंतरावर. आणि उलट्या वाटेने दारूच्या सुरया तेरला आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला काशाचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, तो टाऊन हॉल म्युझियममध्ये.

या व्यापारावर एक माणूस भयंकर चिडून होता, रोमन लेखक थोरला प्लिनी. त्याने लिहून ठेवलंय की भारत दरवर्षी आपले ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो आणि तोच माल इथे शंभर पटीने विकला जातो. मिऱ्यावर तर त्याचा खास राग, नुसती तिखट म्हणून लोक का खातात, वजनाने विकत घेतात सोन्यासारखी. हाच प्लिनी ७९ साली आखाताच्या दुसऱ्या टोकाला आरमाराचा प्रमुख होता. ढग दिसल्यावर जहाजं काढून मदतीला निघाला, स्ताबियेला उतरला, मित्राच्या घरी आंघोळ केली, जेवला, घोरत झोपला, आणि सकाळी डोक्याला उशी बांधून किनाऱ्यावर आला तो तिथेच गेला. त्याचा भाचा धाकटा प्लिनी १७ वर्षांचा, अभ्यास आहे म्हणून गेला नाही, म्हणून वाचला आणि हे सगळं लिहू शकला. तर ज्या दिवशी प्लिनी मेला त्याच सुमारास काही मैलांवर त्याच्या तक्रारीचा वीतभर पुरावा प्युमिसखाली गाडला जात होता.

आणि याचा फायदा भोकरदनला. आपल्याकडच्या खड्ड्यात एखादी मूर्ती निघाली तर ती कधीची यावर वाद घालायला भरपूर जागा असते. पॉम्पेईत नाही. ७९ ला झाकण लागलं, त्यामुळे ती बाई त्याच्या आधीचीच, आणि तिच्यासारखी असणारी जालन्याची पण साधारण त्याच काळातली. भोकरदनच्या केळणा नदीकाठची माती मोजायला व्हेसुव्हियस कामाला आला.

रात्री हॉटेलवरून फोटो पाठवले आणि फोन लावला. मामा म्हणाला, "एवढीशीच?" मग म्हणाला, "आपल्याकडून गेली म्हणतोस, मग तिकीट आपल्याला फ्री पाहिजे." मामीने फोन घेतला, झूम करून बघत होती बहुतेक, म्हणाली, "अरे हिच्या पायात केवढाले वाळे, चालत कशी असेल? आणि मागून वेणी असेल ना हिची, मागून नाही का काढलास फोटो?"

आहे वेणी. लांब, पाठीवर सोडलेली, बारीक कोरलेली. नाही काढला मागून.