माळवदाचं घर समजून घ्यायचं तर

मराठवाड्यातल्या जुन्या घराचा नकाशा काढताना छतातल्या भोकापाशी हमखास गफलत होते. मोजमाप घेणारा ‘झरोका’ अशी नोंद करून पुढं जातो. पण माळवदाला, म्हणजे लाकडावर माती चोपून केलेल्या सपाट छताला, भोकं दोन तऱ्हेची असतात. एक साणं, काही गावांत त्यालाच सवणं म्हणतात. ते उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी. दुसरं बळदाचं तोंड. बळद म्हणजे भिंतीला लागून किंवा दोन भिंतींच्या मध्ये केलेलं धान्याचं बंदिस्त कोठार. ज्वारी वरून, माळवदावरून ओतायची आणि खालच्या लहानशा तोंडातून लागेल तशी काढायची.

ओळखायचं कसं? साण्याच्या कडा काजळीनं काळ्या आणि चिकट झालेल्या असतात. बळदाच्या तोंडाला काजळी नसते, आणि त्याच्या बरोबर खाली चालायची जमीनच सापडत नाही. नकाशात तिथली भिंत उगाच चार-पाच फूट जाड दिसते. एवढ्यावरही शंका राहिली, तर घरातल्या म्हाताऱ्या बाईला ‘हे भोक कशाचं?’ असं विचारू नये. ‘सुगीत ज्वारी कुठून आणि कशी भरायचात?’ असं विचारावं. मग पोतं कुणी वर नेलं, भिंतीतल्या जिन्यात ते कुठं अडायचं, कडुलिंबाचा पाला कधी टाकायचा, हे सगळं आपोआप येतं आणि बळद जागेवर सापडतं.

लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यात घराचं माप खोल्यांत नव्हे, खणांत सांगतात. दोन खांबांमधलं साधारण पाच-सहा फुटांचं अंतर म्हणजे एक खण. ‘पाच खणांचा सोपा’ (सोपा म्हणजे ओसरी) म्हटलं की ऐकणाऱ्याला खांब किती, लाकूड किती आणि घराची ऐपत किती, हे एकदम कळतं. दगडी उथळ्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या (आडवी लाकडं), कड्यांवर दाटीनं लावलेल्या लाकडाच्या चिपा. त्यावर कडुलिंबाचा पाला किंवा तुराट्या, मग चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर चोपून बसवलेली पांढरी माती. ही माती गावठाणातलीच लागते. शेतातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. ती वर टाकली तर पहिल्याच पावसात घर गळतं. काही ठिकाणी, खानदेशात तर आवर्जून, वरून खारी माती पसरतात म्हणजे गवत उगवत नाही. गवताचं मूळ खाली गेलं की त्याच वाटेनं पाणी उतरतं.

इथवरचं एखाद्या चांगल्या छेद-नकाशात दाखवता येईल. नकाशात न येणारी गोष्ट म्हणजे दरसालचं काम. मृग निघायच्या आत माळवदावर जायचं, गवत उपटायचं, भेगा भरायच्या, नवी माती टाकून पन्हळीकडं उतार धरायचा. पाऊस लागल्यावर आत कुठं टिपका पडू लागला, तर भर पावसात कुणीतरी वर जाऊन तिथली ओली माती पायानं दाबायची. गळती बंद! माळवद ही अशी राबत्या माणसांची वास्तू आहे. म्हणून कुलूप लावलेलं घर दोन-चार पावसाळ्यांतच खचायला लागतं. लाकूड आधी वरच्या बाजूनं कुजतं, खालून ठणठणीत दिसतं. कड्यांवर काठीनं ठोकून पाहावं. आवाज बद्द आला तर वरची माती काढल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

जगण्याच्या आठवणींतून आणखी एक गोष्ट उलगडते. शेजारशेजारच्या घरांची माळवदं एका पातळीत का, आणि मधला कठडा इतका ठेंगणा का? दगड वाचवले असं उत्तर सहज सुचतं. बायकांना विचारलं की कळतं, ती त्यांची वाट होती. शेवया, कुरडया, पापड वाळत घालताना या घरातून त्या घरात जायचं, निरोप द्यायचा, विरजण मागायचं. ढेलजेत, म्हणजे दरवाजालगतच्या देवडीत, बसलेल्या पुरुषमंडळींसमोरून जायची गरजच नाही. सासुरवाशिणीला गाव ठाऊक असायचं ते मुख्यतः वरून. रस्त्यावरून पाहणाऱ्याला आंधळी भासणारी ती उंच दगडी भिंत घर बंद असल्याचा पुरावा ठरत नाही.

ढेलजेबद्दलही कुणाला विचारतो यावर उत्तर ठरतं. वाड्यातले लोक सांगतील: पाहुण्यांची बैठक. ज्यांना ढेलजेच्या पुढं, सोप्याच्या जोत्यावर पाय ठेवू दिला जात नव्हता, ते वेगळं सांगतील. आणि जोत्याची उंची, पायऱ्यांची जागा, अंगणातला वेगळा ओटा यांचा खुलासा त्यांच्याच बोलण्यातून होतो. मालकाची तेवढी मुलाखत घेऊन लिहिलेलं वाड्याचं वर्णन मला अर्धवट वाटतं.

लोकसमजुतींच्या बाबतीत मात्र हात राखून चालावं. उंबऱ्यावर बसू नये, उंबऱ्यात शिंकू नये, तिन्हीसांजेला दार लावू नये, अशा प्रत्येक गोष्टीला ‘पूर्वजांचं विज्ञान’ चिकटवायची आज घाई दिसते. उंबरा चौकटीचे दोन्ही पाय खालून बांधून ठेवतो, पावसाचं पाणी अडवतो, हे खरं. पण बसू नये या समजुतीमागं हेच कारण होतं, असं त्यातून सिद्ध होत नाही; गावात विचारलं तर नरसिंहानं हिरण्यकशिपूला उंबऱ्यावर मारल्याची कथाच सांगतात. ती कथा तशीच लिहून घ्यावी. माझा नियम साधा आहे: सांगितलेली गोष्ट, प्रत्यक्ष वापर आणि भिंतीवरची खूण, या तिन्हींचा मेळ बसला तरच बांधकामाबद्दल विधान करायचं. पेवाचं, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या कोठाराचं, उदाहरण घ्या. पेवात आधी दिवा सोडल्याशिवाय उतरू नये, हे सगळे सांगतात, तसंच करतात आणि त्यामागचा धोकाही खरा आहे. बंद पेवात धान्याच्या श्वसनानं कार्बन डायऑक्साइड साठतो. दिवा विझला तर उतरायचं नाही.

परंपरेनं सांगितलेलं सगळंच हिताचं असतं असंही नाही, आणि हे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपानं फार क्रूरपणे दाखवलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसं स्वतःच्या घराखाली गेली. दरसाल माती टाकायची रीत होती, जुनी काढायची नव्हती. थर दीड-दोन फुटांवर गेले होते. एक घनफूट माती सुमारे ४५ किलो धरली, तर १० बाय १५ फुटांच्या खोलीवर दोन फूट थराचे साडेतेरा टन होतात. भिंती जाडजूड, पण आतली आणि बाहेरची थप्पी वेगळी, मध्ये दगडांचा चुरा आणि माती. दोन्ही थप्प्यांना जोडणारे आरपार दगड नसल्यानं त्या फुगून सुटल्या. जिथं छताचा भार खांबांवर होता, तिथं भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणं आहेत. जिथं तुळया थेट भिंतीत खुपसलेल्या होत्या, तिथं छत सरळ खाली आलं.

म्हणून आज माळवद दुरुस्त करताना मातीचा थर आठ इंचांच्या आसपास आणावा आणि पाणी अडवायला त्यात जाड प्लास्टिकचा कागद घालावा. भिंतीत आडव्या दिशेनं दर चार फुटांवर आणि उभ्या दिशेनं दर दोन फुटांवर आरपार दगड बसवावा. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरक्या लाकडी टेकण्या द्याव्यात. काम सुरू करण्याआधी घरच्यांना एवढं जरूर विचारावं, की पावसाळ्यात सगळ्यात आधी कुठं गळायचं आणि तेव्हा वर कोण जायचं. पहिल्या उत्तरानं कुजलेली कडी सापडते. दुसऱ्यानं हे कळतं, की आता वर जाणारं कुणी घरात उरलंय का; नसेल तर प्लास्टिक घालूनही पन्हळ तुंबणार आणि पाणी भिंतीत मुरणार.