आप्पांच्या कानांची फाइल

आप्पांना फोनवरचं ऐकू येत नाही. म्हणून त्यांच्या पेन्शनबद्दलचा प्रत्येक फोन २०१८ पासून मीच करते आणि मीच घेते. पलीकडचा माणूस आधी विचारतो, "पेन्शनर स्वतः बोलतायत का?" मी सांगते, "नाही साहेब, मुलगी बोलतेय. त्यांना ऐकू येत नाही, आणि आमचं काम त्याचंच आहे." इतकी वर्षं हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल, मोजलं नाही.

आम्ही सातारा जिल्ह्यातले. गावात घरटी एक फौजी. आप्पा ऑक्टोबर १९८५ मध्ये तोपखान्यात भरती झाले आणि २४ वर्षांची नोकरी करून ३१ ऑक्टोबर २००९ ला हवालदार म्हणून घरी आले. गावात त्यांना सगळे 'मेजर' म्हणतात, जसे आमच्याकडे सगळ्याच फौजींना म्हणतात. रिटायर झाल्यावर पहिल्या दिवाळीला आई स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि आप्पा अंगणात तसेच बसून राहायचे. तेव्हा मी कॉलेजात होते. मला वाटलं, नोकरी सुटल्यामुळे गप्प झालेत.

ते बोफोर्सच्या गनवर होते. १५५ मिलिमीटरची तोफ. सुरुवातीच्या वर्षांत कानात कापसाचे बोळे घालायचे, कधी तेही नसायचे. वर्षातून रेंजवर फायरिंग, आणि १९९९ साली द्रास. कारगिलच्या त्या युद्धात आपल्या तोपखान्याने अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटं डागली. त्यातले किती आप्पांच्या कानाशेजारून गेले ते त्यांनाही ठाऊक नाही. द्रासहून आल्यावर कानात सतत किडे किर्र करतात असं वाटायचं, असं त्यांनी मला फार उशिरा, २०१८ मध्ये सांगितलं. मी विचारलं, "मग तेव्हाच दवाखान्यात का नाही गेलात?" ते म्हणाले, "कॅटॅगरी पडली असती."

ज्यांच्या घरात फौजी नाही त्यांच्यासाठी सांगते. मेडिकल कॅटॅगरी खाली आली की बढती अडते, कोर्स अडतात, कधी कधी गनवरून काढून स्टोअरला बसवतात. आप्पांना हवालदार व्हायचं होतं, गनचा नंबर वन, म्हणजे तोफेवरच्या तुकडीचा प्रमुख, व्हायचं होतं. म्हणून त्यांनी सिक रिपोर्ट केला नाही, म्हणजे आजारी असल्याची नोंदच केली नाही. नंबर वन झाल्यावर कमांड पोस्टवरून येणारा हुकूम ते शेजारच्या जवानाच्या ओठांवरून ताडून घ्यायचे. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. तोफेवर हुकूम चुकीचा ऐकू आला तर गोळा कुठे पडेल?

रिटायरमेंटच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्ड होतो. त्यात कानाची तपासणी झाली आणि ते लपवलेलं बाहेर आलं. दोन्ही कानांची श्रवणशक्ती कमी, अपंगत्व २० टक्के, कायमचं. आणि त्याखाली: सैनिकी सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये पत्र आलं की अपंगत्वाचं पेन्शन नामंजूर, सहा महिन्यांत अपील करता येईल. पत्र इंग्रजीत होतं. आप्पांनी ते घडी घालून ट्रंकेत, डिस्चार्ज बुकाच्या खाली ठेवलं. "सरकारनं नाही म्हटलं म्हणजे नाही," एवढंच त्यांचं म्हणणं.

ते पत्र मला २०१८ च्या मे महिन्यात सापडलं. आईच्या नावाचं काहीतरी शोधत होते. वाचलं, पुन्हा वाचलं. चोवीस वर्षं तोफेवर काढलेल्या माणसाचे कान तोफेमुळे गेलेले नाहीत, असं त्यावर सही-शिक्क्यानिशी लिहिलं होतं.

पहिलं काम होतं कागद मिळवणं. आमच्याकडे नकाराचं पत्र होतं, बोर्डाचे कागद नव्हते. मी माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांचे कागद ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाला, अर्ज केला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून. उत्तर आलं की ही वैयक्तिक माहिती आहे, तुम्हाला देता येत नाही. अर्ज माझ्या नावाने होता, तिथेच चुकलं. दुसरा अर्ज आप्पांच्या सहीने, आर्मी नंबर, हुद्दा आणि डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्ससकट पाठवला. कायद्यात ३० दिवस आहेत. आम्हाला दोन स्मरणपत्रं पाठवावी लागली, पण कागद आले. कुणाला हे करायचं असेल तर एकच सांगेन: अर्ज फौजीच्याच सहीने जाऊ द्या आणि दोन कागद नाव घेऊन मागा, भरतीच्या वेळचा मेडिकल आणि सुटतानाचा बोर्ड.

भरतीच्या कागदावर १९८५ साली एका डॉक्टरने लिहिलं होतं, दोन्ही कान ६०० सेंटीमीटर. म्हणजे सहा मीटरवरची कुजबुज ऐकू येत होती. सुटतानाच्या बोर्डात कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती, की हा आजार सेवेशी संबंधित नाही. का नाही, ते लिहिलेलं नव्हतं. तोफखान्याचा उल्लेख नाही, द्रासचा नाही. त्या दोन कागदांच्या मधली चोवीस वर्षं कुणी वाचलीच नव्हती.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक निवृत्त सुभेदार भेटले. त्यांनी मला समोर बसवून सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग खटल्याचा निकाल समजावला. हा शिपाईही १९८५ लाच भरती झालेला, त्याचंही अपंगत्व २० टक्के, आणि त्याच्याही कागदावर सेवेशी संबंध नाही असा शेरा. न्यायालयाने सांगितलं, की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं. पुढे झालेला आजार सेवेतला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही, सरकारवर आहे. शंका असेल तर तिचा फायदा सैनिकाला. आणि बोर्डाने कारणं लिहिली पाहिजेत. हे न्यायालयाने नव्याने काढलेलं नव्हतं. १९८२ च्या नियमांतच ते होतं. सुभेदार साहेब म्हणाले, "ताई, नियम सैनिकाच्या बाजूनं आहे. फक्त तो कुणी वाचत नाही."

तिथून बाहेर पडले तेव्हा मला राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. २०१० साली ज्याने ते नकाराचं पत्र टाइप केलं त्याच्याजवळ हे नियम होते. आप्पांजवळ नव्हते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये पहिलं अपील केलं. सहा महिने काही उत्तर नाही. मग पत्र आलं की मुदत उलटून गेली आहे. वकिलांनी सांगितलं, आता सशस्त्र सेना न्यायाधिकरण. हे २००७ च्या कायद्याने झालं आणि २००९ पासून काम करतंय, मुंबईतही खंडपीठ आहे. खंडपीठावर एक न्यायिक सदस्य असतो आणि एक निवृत्त वरिष्ठ लष्करी अधिकारी. जानेवारी २०२० मध्ये आम्ही मूळ अर्ज दाखल केला, सोबत उशीर माफ करण्याचा अर्ज. मार्चमध्ये सगळं बंद झालं. त्या दीड वर्षाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. तारखा पडत राहिल्या.

शेवटच्या सुनावणीला आप्पांना घेऊन गेले. रात्रीच्या एसटीने निघालो. त्यांनी मेडलं लावलेला कोट घातला होता. मी शेजारी वही घेऊन बसले आणि जे बोललं जात होतं ते मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्याकडे सरकवत होते. सरकारी वकील म्हणाले, रुग्णाने सेवेत असताना कानाची तक्रार केल्याची नोंद नाही. मी ते लिहिलं. आप्पांनी वाचलं, माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं, "केली असती तर नंबर वन झालो नसतो." लष्करी सदस्यांनी एकच प्रश्न विचारला, हे कोणत्या तोफेवर होते. आमच्या वकिलांनी सांगितलं. ते मान हलवून कागदाकडे बघत राहिले.

मार्च २०२२ मध्ये आदेश आला. अपंगत्व सेवेमुळेच, २० टक्के, आणि ते ५० टक्के धरायचं. हे ५० कुठून आलं ते सांगते, कारण आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. केंद्राच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याची सोय आहे: ५० च्या खाली असेल तर ५०, त्यावर ७५, त्यावर १००. सरकारचं म्हणणं होतं की ज्यांना आजारामुळे अर्ध्यावर घरी पाठवलं त्यांनाच ती लागू. नोकरी पुरी करून आलेल्यांनाही ती मिळाली पाहिजे, हे डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. हिशेब असा: १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. पगार पंधरा हजार धरला तर १०० टक्क्यांना ४,५०० रुपये, २० टक्क्यांना ९००, आणि ५० टक्क्यांना २,२५०. वर महागाई भत्ता.

पण थकबाकी फक्त अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांची. हाही सर्वोच्च न्यायालयाचाच दंडक, २००८ च्या तरसेम सिंग खटल्यापासूनचा. म्हणजे जानेवारी २०१७ पासून. नोव्हेंबर २००९ ते डिसेंबर २०१६, ही सात वर्षं दोन महिने गेली ती गेलीच. उशीर आप्पांनी केला हे खरं. पण चुकीचं पत्र ज्या कार्यालयाने लिहिलं त्याला त्या सात वर्षांचं काहीच भरावं लागलं नाही, उलट तेवढे पैसे वाचले. त्या पत्रावर सही करणाऱ्याला कुणी विचारलंसुद्धा नसेल.

आदेशात चार महिन्यांची मुदत होती. जुलै २०२२ उलटला. मी फोन करायची, तर फाइल रेकॉर्ड ऑफिसात आहे, पेन्शनच्या कार्यालयात आहे, वरिष्ठ न्यायालयात जायचं का यावर सल्ला मागवलाय. त्या शेवटच्या उत्तराची आईला फार धास्ती. २०१५ मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना सैनिकांविरुद्धचे सरकारी खटले कमी करण्यासाठी त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली होती, आणि अपंग सैनिकांविरुद्ध अपिलं करत राहू नये असं त्या समितीनेही सांगितलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही अंमलबजावणीचा अर्ज केला. पैसे मे २०२३ मध्ये जमा झाले. त्याच वसंतात 'वन रँक वन पेन्शन'च्या, म्हणजे समान हुद्दा आणि सेवेला समान पेन्शनच्या, थकबाकीसाठी सर्वोच्च न्यायालयाला सरकारला तारखा घालून द्याव्या लागल्या होत्या, ७० वर्षांपुढच्यांना ३० जूनपर्यंत द्या म्हणून. म्हणजे आमच्यापुरतंच नव्हतं.

पेन्शनचा बोजा फार झालाय, त्यामुळे नवी शस्त्रं घेता येत नाहीत, असं लोक बोलतात. २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटींच्या संरक्षण बजेटात १.६१ लाख कोटी पेन्शनचे होते, मोठीच रक्कम. पण माझ्या वडिलांनी काय केलं ते बघा. आजार लिहिला तर नोकरी अडते, आणि नंतर हक्क मागितला तर 'तेव्हा लिहिलं का नाही' म्हणतात, हे त्यांनी आपल्या आधीच्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. म्हणून बहिरा होत चाललेला माणूस गनवर उभा राहिला. नवी तोफ आणली तरी तिच्यावर असाच माणूस उभा राहणार असेल तर देशाची तयारी कशी मोजायची? नामंजुरीच्या प्रत्येक पत्रावर कोणता नियम वाचून नकार दिला ते, आणि नकार देणाऱ्याचं नाव, एवढं तरी मला हवंय. आदेश मुदतीत पाळला नाही तर व्याज त्या कार्यालयाच्या खात्यातून जावं.

ज्या शोधात ते पत्र सापडलं ते आईचं कामही मध्येच करून घेतलं. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात आणि फौजेच्या कागदावर जुनंच राहतं. उद्या आप्पांच्या मागे तिचं कुटुंब पेन्शन यावरून अडलं असतं. प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कार्यालयाची शिफारस, रेकॉर्ड ऑफिसात दुरुस्ती. आप्पा हयात असताना हे सोपं जातं. आता 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर दोघांची नावं जुळली आहेत, मी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला भरताना तपासते.

माझ्या चुलतभावाचा मुलगा अग्निवीर झालाय, तोही तोपखान्यातच. चार वर्षं, मग शंभरातले फार तर पंचवीस पुढे राहणार, बाकीचे पेन्शनशिवाय घरी. अपंगत्वाची भरपाई मात्र त्यांनाही आहे, आणि तिथेही तीच अट, सेवेमुळे झालं हे बोर्डाने म्हणायला हवं. गणपतीत तो सुटीवर आला होता. जेवताना मला म्हणाला, रेंजवरून आल्यापासून डाव्या कानात शिट्टी वाजतेय. मी ते वहीत लिहून आप्पांच्या ताटाशेजारी ठेवलं.

आप्पांनी वाचलं आणि युनिटच्या दवाखान्याबद्दल विचारलं, "एमआय रूमला दाखवलंस? नोंद झाली?"

त्याने मान हलवली, नाही. "आता पुढचं सिलेक्शन आहे ना, आबा."

आप्पा हात धुऊन आले. ट्रंक उघडून १९८५ चा तो कागद काढला, दोन्ही कान ६०० सेंटीमीटर लिहिलेला, आणि पोराच्या हातात दिला.